थर्माकोलची जगबुडी: रोममधले पाच दिवस

दिवस पहिला, शनिवार

"मामा, कोलोसियम कधी बघायचं?" पोहे परतता परतता भाचीने विचारलं.

"जमलं तर बघू."

तिने उलथनं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. ती दोन वर्षं रोममध्ये आर्किटेक्चर शिकतेय. सान जोव्हान्नीजवळच्या तिच्या इवल्याशा फ्लॅटवर येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला कोलोसियम, व्हॅटिकन आणि नाणं टाकायचं कारंजं दाखवून आणणं हे तिचं ठरलेलं काम. त्यात मी पहिल्यांदाच खोडा घातला. इटलीने १९८२ ते १९८४ या दोन-तीन वर्षांत स्वस्तातल्या पिक्चरांत जगाचा जितक्या वेळा अंत केला तितका दुसऱ्या कुठल्या देशाने केला नसेल, आणि मला ते कारखाने बघायचे आहेत, असं मी तिला सांगितलं. "आईला हे माहितीये?" एवढंच तिने विचारलं. आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला माहीत नव्हतं.

मूळ दुखणं १९८६ च्या गणपतीतलं. मिरजेत आमच्या गल्लीच्या मंडळाने एका रात्रीसाठी व्हीसीआर आणला होता. रात्रभरात तीन पिक्चर दाखवायचे, असा करार. पहिले दोन रीतसर झाले. तिसऱ्याच्या डबीतून मात्र सांगितलेल्या हिंदी पिक्चरऐवजी भलतीच कॅसेट निघाली. रात्रीचे दोन वाजलेले, व्हिडिओ लायब्ररी बंद. मग लावली तीच. पडद्यावर उजाड माळ, काळ्या कपड्यातला एक मोटरसायकलवाला आणि त्याची चक्क बोलणारी गाडी! गाडी एखादा शब्द तीन-तीनदा म्हणायची, तोंडपाठ करायला बसवलेल्या पोरासारखी. निम्मी गल्ली सतरंजीवर घोरत होती. तेवढ्यात मागून एक काका ओरडले, "अरे, ही तर आपली पर्सिस खंबाटा!"

खरंच तीच होती. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, १९७९ च्या 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या चित्रपटात डोक्याचा गोटा करून गाजलेली. चार वर्षांनी ती या 'वॉरियर ऑफ द लॉस्ट वर्ल्ड' नावाच्या इटालियन भंगारात काय करत होती, हे कोडं तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्या पिक्चरच्या नायकाला नावच नाही. नाव आहे ते गाडीला, आणि तेही आइन्स्टाइन.

संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून भाची मला व्हिया देई ग्राक्की या रस्त्यावरच्या 'प्रोफोंदो रोस्सो' दुकानात घेऊन गेली. दारिओ अर्जेंतो या भयपटवाल्या दिग्दर्शकाचं हे दुकान १९८९ पासूनचं. त्याचा सगळा कारभार सांभाळला लुइजी कोत्सीने. म्हणजे ज्याने १९७८ मध्ये 'स्टारक्रॅश' नावाचा अंतराळपट काढला तो. वर मुखवटे आणि पुस्तकं, तळघरात छोटंसं भयसंग्रहालय. तळघर मी पाच मिनिटांत उरकलं. मला भूतं नको होती, जगबुडीच्या पिक्चरांतले फोमचे खांदे हवे होते.

दिवस दुसरा, रविवार

पोर्ता पोर्तेसेचा बाजार रविवारी सकाळी भरतो आणि दुपारी जेवायच्या वेळेला आटोपतो. आपल्या जुन्या बाजारासारखाच. सायकलचे सुटे भाग, कुणाच्या तरी आजीचे चष्मे, फुटके दिवे, आणि अधूनमधून एखादी सोन्याची गोष्ट. सिनेमाचे कागद विकणारा एक म्हातारा तासाभराने सापडला. इथे दोन शब्द कळले की काम भागतं: लोकांदीना म्हणजे उभं अरुंद पोस्टर, आणि फोतोबुस्ता म्हणजे थिएटरबाहेर लावायचे मोठे छापील फोटो.

त्याने विचारलं, कुठून आलात? इंडिया म्हणताच त्याचे डोळे चमकले आणि त्याने हात पसरून आरोळी ठोकली, "सांदोकान!" १९७६ मध्ये इथल्या टीव्हीवर कबीर बेदीची ती मालिका लागली होती, आणि अजून या वयाच्या इटालियन माणसासाठी भारत म्हणजे तीच दाढी आणि तेच डोळे. मला त्याचा फायदा झाला. 'इ नुओव्ही बार्बरी'ची एक फोतोबुस्ता वीस युरोंवरून बारावर आली.

फोटोत काय आहे ते सांगतो, कारण सगळी मजा त्यातच आहे. पांढऱ्या कपड्यांतली, खांद्यांवर पांढरेच जाडजूड पॅड चढवलेली टोळी. यांना टेम्पलर म्हणतात. उरलीसुरली माणसं मारून टाकणं हे त्यांचं जीवितकार्य. फोटो डोळ्यांजवळ नेला की पॅडची कड दिसते: एका बाजूला कापड नीट ओढून चिकटवलंय, दुसऱ्या बाजूला सुरकुती पडलीय. सुरकुतीखालून फोमचा पिवळा कापा बोटभर डोकावतोय. आमच्या मंडळात मखराला सोनेरी कागद लावताना शेवटच्या कोपऱ्यात कागद कमी पडायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "राहू दे, गणपती तिकडे बघत नाही." अगदी तसा कोपरा!

रात्री भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही रीतसर अभ्यास केला. आधी '१९९०: ब्रॉन्क्स वॉरियर्स', मग 'न्यू बार्बेरियन्स', म्हणजे माझ्या फोटोतलाच पिक्चर. दोन्ही एन्झो कास्तेल्लारीचे, ८२-८३ च्या सुमाराचे.

या पिक्चरांचं बी कुठून आलं हे लपलेलं नाही, त्यांनी लपवलंही नाही. १९७९ चे 'मॅड मॅक्स' आणि 'द वॉरियर्स', १९८१ चे 'मॅड मॅक्स २' आणि 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क', या चौघांचं कालवण. इटलीत हा धंदा जुना. एखादा परदेशी पिक्चर चालला की त्याच्यासारखे वीस काढायचे, लोकांना वीट आला की पुढचं पीक. आधी तलवारी आणि पिळदार दंडांचे पौराणिक पट, मग वेस्टर्न, मग पोलीसपट, मग झोंबी. अशा प्रत्येक लाटेला ते फिलोने म्हणतात. फिलोने म्हणजे खाणीतली शीर. संपेपर्यंत खणायची.

तर 'ब्रॉन्क्स वॉरियर्स'. १९९० मध्ये न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग सरकारने सोडून दिलाय आणि तिथे टोळ्यांचं राज्य आहे. नायकाचं नाव ट्रॅश, म्हणजे कचरा. ते काम करणारा मार्क ग्रेगरी हा रोमचाच पोरगा, कास्तेल्लारीला व्यायामशाळेत सापडलेला. अंगाने देखणा, पण पाठीला फळी बांधल्यासारखा चालतो. एका टोळीच्या मोटरसायकलींवर दिवे लागणाऱ्या कवट्या. दुसरी टोळी रोलर स्केटवर हॉकी स्टिका घेऊन लढते. तिसरी गोल हॅट घालून टॅप डान्स करते आणि मध्येच काठीने मारते. नदीकाठी दोन टोळ्यांची गंभीर बोलणी चाललेली असताना एक माणूस शेजारी उभा-आडवा ड्रम सेट मांडून वाजवत बसलाय. का? पिक्चर सांगत नाही.

"हा कोण आहे?" भाचीने विचारलं.

"ड्रमवाला."

"ते दिसतंय. इथे का?"

"त्याला कुठेतरी वाजवायला नको का?"

ती जी हसायला लागली ती थांबेना, आणि मला बरं वाटलं. कारण या पिक्चरांवर दोन प्रकारे हसता येतं. एक, वरून खाली बघून. दुसरं, मांडीला मांडी लावून. मुद्दाम वाईट काढलेल्या पिक्चरांना, जिथे नट प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतो, मला कधी हसू येत नाही. इथे कोणी डोळा मारत नाही. टॅप डान्स करणारा मारेकरी प्राण ओतून टॅप डान्स करतो. कास्तेल्लारीला मारामारी कुठे संथ करायची हे पक्कं कळतं. माणूस कठड्यावरून पडतो तेव्हा तो इतका सुंदर पडतो की पुन्हा बघावंसं वाटतं. कारागीर अव्वल, फक्त सामान नाही.

'न्यू बार्बेरियन्स'मध्ये तर सामान त्याहून कमी. साल २०१९, अणुयुद्ध होऊन गेलंय. उरलेल्या जगात एक खडीची खाण, आठ-दहा गाड्या आणि पांढरे टेम्पलर. नायकाच्या गाडीच्या टपावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट. गाड्या धावतात रिक्षाच्या वेगाने, पण आवाज विमानाचा. फ्रेड विल्यमसन हा अमेरिकेतला माजी फुटबॉलपटू, इथे स्फोटक बाण मारतो आणि एकूण आपण सुट्टीवर आलोय अशा खुशीत वावरतो. खलनायक जॉर्ज ईस्टमन, मूळ नाव लुइजी मोंतेफिओरी, साडेसहा फुटांहून उंच. या लाटेतला कुठलाही पिक्चर उघडा, तो दाराच्या चौकटीत वाकून आत येतोच.

आणि ओठ जुळत नाहीत. कुणाचेच, कुठेच. इटलीत तेव्हा सेटवर आवाज टिपायची पद्धतच नव्हती. अमेरिकन इंग्रजीत बोलायचा, रोमवाला इटालियनमध्ये, आणि सगळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. विक्री जगभर व्हायची म्हणून नावंही बदलायची. दिग्दर्शक सर्जिओ मार्तिनोचा मार्टिन डॉलमन व्हायचा, आरिस्तिदे मासाच्चेसीचा जो दामातो.

रात्री एकला भाची म्हणाली, "मामा, २०१९ मध्ये मी बारावीत होते."

"मग? जग संपलं होतं ना?"

"पीसीएम होतं. जवळपास तेच."

दिवस तिसरा, सोमवार

बस आली नाही. चाळीस मिनिटं थांबलो, तिकीट खिशात, ऊन डोक्यावर. शेवटी मेट्रोपर्यंत चालत गेलो आणि 'ए' लाइनने चिनेचित्ताला उतरलो. स्टेशनचं नावच स्टुडिओचं.

चिनेचित्ता मुसोलिनीच्या काळात, १९३७ मध्ये सुरू झालं. युद्धानंतर काही वर्षं इथे निर्वासितांची छावणी होती. सेटवर खरी बेघर माणसं राहत होती, ही गोष्ट आमच्या गाईड मुलीने चालता चालता सांगितली आणि ती पुढे गेली. मी मात्र तिथेच थोडा रेंगाळलो.

आवारात प्राचीन रोमचा भलामोठा सेट उभा आहे, 'रोम' या टीव्ही मालिकेसाठी बांधलेला. देवळं, कमानी, दगडी फरसबंदी, भिंतींवर शतकांची पुटं. गाईडची पाठ वळल्यावर मी एका खांबावर टिचकी मारली. टक्. आतून पोकळ, फायबरग्लासचा. मागच्या बाजूला गेलो तर लोखंडी पाइपांची परांची आणि लाकडी टेकू. पुढून जुलियस सीझर, मागून मांडव.

आमच्याबरोबरचे नव्वद टक्के लोक सीझरसाठी आले होते. मला पाइप बघून जास्त आनंद झाला, हे भाचीच्या लक्षात आलं. "तू मांडववाल्याच्या पोटी जन्माला यायला हवा होतास," ती म्हणाली.

बाकी दिवसात विशेष काही नाही. माझ्या लाडक्या भंगारपटांचं इथल्या संग्रहालयात नावनिशाण नाही, पण ते अपेक्षितच होतं.

दिवस चौथा, मंगळवार

आजचा दिवस भाचीचा. तिने ठरवलेलं ठिकाण: एउर. शहराच्या दक्षिणेला मुसोलिनीने १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आखलेला भाग. युद्धामुळे प्रदर्शन कधी झालंच नाही. इमारती अर्ध्यावर राहिल्या आणि नंतर पुऱ्या झाल्या. म्हणजे जी गोष्ट साजरी करायची होती ती होण्याआधीच तिचे अवशेष तयार!

मेट्रोतून बाहेर आलो आणि पाय थबकले. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस किडा वाटावा. झाडं कातरलेली, सावल्या लांब, आवाज नाही. समोर पायऱ्यांच्या ढिगावर तो पांढरा चौकोन, पालात्सो देल्ला चिव्हिल्ता इतालियाना. लोक त्याला चौकोनी कोलोसियम म्हणतात. चारही बाजूंना नुसत्या कमानी, एकावर एक सहा रांगा आणि प्रत्येक रांगेत नऊ. रोमन लिपीत 'बेनितो'ची अक्षरं सहा आणि 'मुसोलिनी'ची नऊ, म्हणून तसं केलं अशी एक दंतकथा आहे. भाचीचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. माझा आहे, कारण मला गोष्ट आवडली. माथ्यावर कोरलंय की हे राष्ट्र कवींचं, कलावंतांचं, वीरांचं, संतांचं, विचारवंतांचं, शास्त्रज्ञांचं, दर्यावर्दींचं आणि देशोदेशी जाणाऱ्यांचं. मोटरसायकलवर कवटी लावणारे राहिले.

आत आता एका फॅशन कंपनीचं ऑफिस आहे. आम्ही पायऱ्यांवर बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या.

मी तिला सांगितलं की इटलीने जग पहिल्यांदा संपवलं ते इथे. 'द लास्ट मॅन ऑन अर्थ', १९६४, व्हिन्सेंट प्राइस. साथीने सगळी माणसं मेलीत आणि हा एकटा रोज सकाळी उठून मोटारीतून रिकाम्या शहरात फिरतो. गोष्ट अमेरिकेतली, पण शूटिंग रोमचं, आणि बरंचसं याच भागात. सेट बांधायचा खर्चच नाही. पहाटे यायचं, कॅमेरा लावायचा, जग संपलेलं असतंच. तो पिक्चर मात्र हसण्याचा नाही. त्यातला प्राइस दाराबाहेरची प्रेतं उचलून गाडीत टाकतो ते कचऱ्याच्या पिशव्या टाकाव्यात तसं, आणि ते बघताना घशात काहीतरी अडकतं.

भाची काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहिल्या लॉकडाऊनमध्ये पुण्यात आपला लक्ष्मी रोड असाच दिसायचा."

बरोबर होतं. १९९० गेलं, २०१९ गेलं. '२०२०' नावाचाही एक पिक्चर त्या लाटेत आहे, टेक्सासमधल्या ग्लॅडिएटरांचा. तो मी २०२० च्या एप्रिलमध्ये घरात कोंडून बसलेलो असताना पुन्हा बघितला होता. फोमचे खांदे तेव्हाही हसवत होते, फक्त हसू जरा उशिरा यायचं.

परतताना मेट्रोत तिने खरा प्रश्न विचारला. "पण एवढे काढायची घाई का होती? दोन वर्षांत इतके?"

यावर माझं एक मत आहे. १९५५ मध्ये इटलीत वर्षाला ८१ कोटींहून जास्त सिनेमाची तिकिटं खपत होती. मग घरोघर टीव्ही आला. १९७६ मध्ये घटना न्यायालयाने स्थानिक खासगी वाहिन्यांना मोकळं रान दिलं आणि पुढे चार-पाच वर्षांत घरबसल्या दिवसभर पिक्चर दिसायला लागले. गल्लीबोळातली थिएटरं पटापट मिटली. म्हणजे ही माणसं जेव्हा जगाचा अंत रंगवत होती तेव्हा त्यांचं स्वतःचं जग खरोखर संपत होतं. पोस्टर आणि नाव दाखवून परदेशात आगाऊ विकता येईल तेवढाच माल काढायचा, जमेल तोवर. आता या लाटेतला खलनायक बघा. लुचिओ फुल्चीचा १९८४ चा '२०७२' हा पिक्चर भविष्यातल्या रोममध्ये घडतो. त्यात प्रेक्षक खेचायला टीव्हीवाले कैद्यांना मोटरसायकलवर बसवून एकमेकांना मारायला लावतात. याच लाटेतल्या 'एंडगेम' या पिक्चरमध्येही जीवघेणा खेळ टीव्हीवरच. अणुबॉम्बपेक्षा त्यांना अँटेनाची जास्त भीती होती.

"हे तू कुठे वाचलंस?"

"कुठे नाही. दिसतं."

"थिसिसमध्ये घालू?"

मी परवानगी दिली.

दिवस पाचवा, बुधवार

खाण बघायचीच होती. ही सगळी ओसाड जगं रोमच्या वेशीवरच्या खाणींत उभी राहिली. शहरापासून तासाभरावर, झाड नाही, घर नाही, भाडं कमी, आणि संध्याकाळी सगळे जेवायला घरी. वाळवंटाला जायला पैसे कोणाकडे होते! मार्तिनोच्या '२०१९' नावाच्या पिक्चरमध्ये भग्न न्यूयॉर्क दिसतं तेही टेबलावर मांडलेलं मॉडेल. (त्या पिक्चरमधले दुष्ट म्हणजे युरोप, आफ्रिका आणि आशिया यांची युती. त्या हिशोबाने आपणही खलनायकांत.)

नेमकी कुठली खाण कुठल्या पिक्चरात, हा शोध मी सोडून दिला. तिबुर्तिना स्टेशनवरून लोकल पकडली आणि बान्यी दी तिव्होलीला उतरलो. उतरताच गंधकाचा वास, सडक्या अंड्याचा. इथे गरम झरे आहेत. त्याच पाण्यातल्या चुन्याचे थरावर थर बसून हजारो वर्षांत जो दगड झाला तो त्राव्हेर्तिनो.

कुंपणाच्या एका उघड्या जागेतून खाली बघितलं. पांढरा खड्डा. पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला, इतका खोल की तळातला डंपर खेळण्यातला वाटत होता. भिंती सुरीने कापलेल्या खरवसासारख्या गुळगुळीत, मध्येच भोकं. तळाला दुधाळ पाणी. वाऱ्याने पांढरी पूड उडाली आणि भाचीच्या केसांवर बसली. दोन मिनिटांत ती टेम्पलर दिसायला लागली.

"मामा, कालची चौकोनी बिल्डिंग आठवतेय? तिचं बाहेरचं सगळं अंग याच दगडाचं. इथूनच नेलेला."

"अच्छा."

"आणि खऱ्या कोलोसियमचाही. दोन हजार वर्षांपूर्वी इथूनच." तिने खड्ड्याकडे हात केला. "घे, बघितलंस कोलोसियम. आईला सांग."

मी हसलो, पण खड्ड्यावरून नजर निघेना. खालचा डंपर वळला. त्याचा आवाज वर पोचायला वेळ लागला, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळत नव्हते.

तेवढ्यात भाचीने पिशवीतून काहीतरी काढलं. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची चाळणी. तिला दोन बाजूंनी चिकटपट्टीने उशीतल्या फोमचे तुकडे लावलेले. रात्री मी झोपल्यावर हा उद्योग केला असणार. एका बाजूची पट्टी सुटत आली होती.

"घाल डोक्यावर. आणि तिकडून इकडे पळत ये. हळू. एकदम हळू."

माझं वय चौपन्न. रस्त्यावरून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थांबली. कुत्रंही थांबलं. मी चाळणी घातली, पाठ फळीसारखी ताठ केली आणि फुफाट्यातून संथ गतीने पळत आलो. भाची मोबाइल धरून मागे मागे सरकत होती.

"मामा, बोल ना काहीतरी! संवाद!"

"काय बोलू?"

"काहीही. नुसते ओठ हलव, आवाज नंतर भरू."